अक्काचं ‘आपण’

भाषणं ऐकण्यात माझा हात धरणारं कोणी निदान आमच्या कारखान्यात तरी नाही. मी वाढले त्या वस्तीत लग्न असो, बारसं असो नाहीतर कुणाच्या पोराचा दहावीचा निकाल असो, आधी माइकवाला यायचा आणि मग पाहुणे. जयंती जवळ आली की गल्लीतली पोरं भिंतीकडं तोंड करून भाषण पाठ करायची. वडील मला खांद्यावर बसवून विहारासमोर उभे राहायचे आणि घरी परतताना विचारायचे, आज कोण चांगलं बोललं? नुसतं ‘तो उंच माणूस’ म्हणून भागायचं नाही. का चांगलं बोलला, तेही सांगावं लागायचं. त्यामुळं आजही कुणी बोलायला उभं राहिलं की हा कुठल्या वाटेनं जाणार, ते मला पहिल्या दोन वाक्यांत कळतं. समोरच्याला रडवायचं, पटवायचं किंवा लाजवायचं, या तीनच वाटा. बाकी सगळी टाळ्यांची सोय.

असा कान घेऊन मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचचं टेबल सांभाळते आणि रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये अक्काच्या शेजारी बसते. अक्का तपासणी खात्यात आहे. माहेर आणि सासर दोन्ही अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. ती अक्कलकोट नाक्यावर सगळ्यांच्या आधी चढते आणि खिडकीजवळच्या सीटवर माझ्यासाठी डबा ठेवून देते. मी पुढं अशोक चौकाच्या अलीकडं चढते. त्या सीटवर दुसरं कुणी बसलं तर मी दिवसभर कुणाशी धड बोलत नाही, हे बसमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे आणि बरेच दिवस कुणी ते करून पाहिलेलं नाही.

अक्काचं मराठी तसं फर्डं. अडचण एकाच ठिकाणी होते. ‘आम्ही’ कुठं म्हणायचं आणि ‘आपण’ कुठं, हे तिला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. नातू झाला तेव्हा ती पेढ्यांचा पुडा घेऊन बसभर फिरली आणि प्रत्येकाला म्हणाली, आपल्याला नातू झाला. सगळ्या बसनं एकमेकांचं अभिनंदन केलं. एकदा आपलं पोट बिघडलंय म्हणाली, तेव्हा मागून फोर्कलिफ्ट चालवणारा भाई म्हणाला की हमारा तो ठीक है अक्का. याच्या उलटही व्हायचं. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायची, चला, आम्ही चहा पिऊ. मी म्हणायचे, प्या की, मला कशाला विचारता? मग ती तोंड पाडून तिथंच उभी राहायची, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडायचा.

मी तिला बरेचदा समजावलं. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर आपण, वगळून बोलायचं असेल तर आम्ही, साधी गोष्ट आहे. ती शहाण्यासारखी मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या सासूला ताप आलेला असायचा.

गेल्या हिवाळ्यात शिलाई खात्यात एक नवी बाई लागली. वयानं तिशीतली, मूळची करकंबची, म्हणून बसमध्ये तिचं नाव करकंबवालीच पडलं. नवरा ट्रकवर, महिन्यातून कधी टेंभुर्णीला गाडी थांबली तर तिकडूनच घरी फोन करणारा. ही सासूला आणि चौथीतल्या मुलीला घेऊन शेळगीच्या पुढं नव्या प्लॉटिंगमध्ये खोली करून राहिलेली. तिकडं भाडं कमी, आणि कमी असायला कारणही होतं. आमची बस अक्कलकोट नाक्यावरून निघते, अशोक चौक, मार्केट यार्ड, एसटी स्टँड, पुणे नाका करत बाळ्यावरून चिंचोळीला जाते. शेळगी तिच्या वाटेवर नाही. त्या वेळी तिकडून रिक्षा मिळत नाही, त्यामुळं ही बाई रोज अंधारात मार्केट यार्डापर्यंत चालत यायची. वाटेत एक मोकळं रान लागतं आणि त्या रानातल्या कुत्र्यांना तिचं येणं पसंत नव्हतं. कुत्री आडवी आली की ती थांबायची, मग बस निघून जायची, मग उशीर. नोकरी अजून कच्ची होती. महिनाअखेरीला साहेब हजेरी बघून पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार होते, आणि तिचे उशिराचे शेरे आधीच फार झाले होते. सासू रोज म्हणत होती, सोड ही नोकरी आणि चल परत गावाला. पण गावाला गेलं की मुलीची शाळा बदलणार आणि ही पुन्हा दुसऱ्याच्या उसात. तिला जायचं नव्हतं, हे ती कुणाला सांगत नव्हती, पण डब्यातली भाकरी तशीच परत नेताना दिसायची.

अक्कानं टाइम ऑफिसच्या साहेबांना गाठलं. बस मार्केट यार्डावरून आत शेळगीला वळवा म्हणाली. साहेब म्हणाले, माझी हरकत नाही, पण बसला पाव तास आधी निघावं लागेल, म्हणजे यार्डाच्या अलीकडं चढणाऱ्या सगळ्यांना पाव तास आधी उठावं लागेल. सगळे हो म्हणाले तर वळवतो. एकाचीही तक्रार आली तर विषय संपला. साहेबांनी अशी युक्तीनं मान सोडवून घेतली आणि ओझं आमच्यावर टाकलं.

अक्कानं आधी बसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. त्यावर हात जोडल्याची चित्रं आली, एक गुलाबाचं फूल आलं आणि उत्तर कुणाचंच आलं नाही. यार्डाच्या पुढं चढणारे मात्र मोठ्या मनानं लगेच हो म्हणाले. त्यांचं काहीच जाणार नव्हतं.

मग अक्कानं भाषण करायचं ठरवलं. पुणे नाका सुटला की रस्ता सरळ होतो, उभं राहिलं तरी माणूस पडत नाही. पहिल्या दिवशी ती मधल्या वाटेत वरची दांडी धरून उभी राहिली आणि रडवण्याच्या वाटेनं गेली. अंधार, एकटी बाई, कुत्री, घरी झोपलेलं लेकरू. बस हळहळली. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला आणि तो तसाच चेहऱ्यावर ओढून झोपल्या. रडवण्यात हीच मोठी अडचण असते. ऐकणारा रडून घेतो आणि त्याला वाटतं, आपल्याकडून व्हायचं ते झालं.

मी अक्काला म्हटलं, असं नाही चालायचं, यांना हिशोबानं पटवा. आज तिच्यासाठी बस वळली तर उद्या तुमच्या अडचणीला वळेल, असं सांगा. मी तिला सुरुवातही बांधून दिली, प्रश्नानं सुरू करा म्हणाले, कुठं थांबायचं तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बरोब्बर तसंच बोलली, आणि मागखात्यात काम करणाऱ्या फिटरमामांनी तिला पहिल्याच वाक्यावर आडवं केलं. हे मामा पद्मशाली, घरी तेलुगू, गावातल्या जुन्या हातमागवाल्यांच्या घरातले, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. बसमध्ये बसल्या बसल्या पेंगायचे म्हणून सगळे त्यांना झोपेवरून चिडवायचे. ते म्हणाले, पुढच्या वर्षी मी घरीच असणार, तेव्हा बस माझ्यासाठी वळायची तर थेट दारात आणावी लागेल. सगळे हसले. भाई म्हणाला, त्याला रात्री झोप लागतच नाही, जी काही लागते ती शेवटच्या पाव तासातच लागते. मी बांधून दिलेली सुरुवात अशी वाया गेली आणि मला अक्कापेक्षा जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी तिनं लाजवून पाहिलं. देव वरून बघतोय म्हणाली. मामा म्हणाले, बघतोय तर त्यालाच सांग, तिला गाडीवरनं सोड म्हणावं. बाकीच्यांनी कानात वायरी घातल्या. लाजवलं की माणूस सुधारतो असं लाजवणाऱ्यालाच वाटतं. ऐकणारा फक्त दुसरीकडं बघायला शिकतो.

करकंबवाली या सगळ्या काळात मागच्या सीटवर खाली मान घालून बसलेली असायची. आपल्यावरून बसमध्ये रोज वाद चाललाय, याचंच तिला ओझं झालेलं दिसत होतं. मी अक्काला स्पष्ट म्हणाले, आता पुरे करा, त्या पोरीला तोंड वर करता येत नाही. अक्का काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काहीतरी शिजत असतं, हे मी ओळखायला हवं होतं.

सोमवारी मी बसमध्ये चढले आणि बघते तर माझ्या खिडकीत पॅकिंगमधली एक पोरगी झोपलेली. अक्का नव्हती. नाक्यावर आलीच नाही म्हणे. फोन लागत नव्हता. मी दांडीला लटकत, धुसफुसत यार्डापर्यंत गेले. तिथं कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली, आमच्या ड्रायव्हरला थांबायलाही जागा नाही, तो हॉर्न देत पुढं काढतच होता. एवढ्यात गाड्यांच्या मधून दोन बाया पळत येताना दिसल्या. पुढं करकंबवाली, तिच्या मागं अक्का. अक्काच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल. साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, बस डुलली आणि झोपलेले सगळे जागे झाले.

अक्का रविवारी रात्रीच शेळगीला मुक्कामाला गेली होती. कुणाला न सांगता. सकाळी करकंबवालीबरोबर ती सगळी वाट चालून आली होती. पुणे नाक्यापर्यंत ती नुसती धापा टाकत बसली. पॅकिंगच्या पोरीनं आपण होऊन खिडकी सोडली, पण मला बसवेना. मग अक्का उठली, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि दांडी धरून म्हणाली, “आपण आज शेळगीहून चालत आलो. आपल्या मागं कुत्री लागली. आपली चप्पल तुटली.”

सवयीनं भाई मागून बोलून गेला, “अपन कब आए अक्का? हम तो बस में थे.”

बस हसली. एरवी अशा वेळी अक्का सगळ्यांत मोठ्यानं हसते. त्या दिवशी ती हसली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, चुकलं का मॅडम? मीही सवयीनंच सांगितलं, की आम्ही म्हणा अक्का, तुम्ही दोघीच आलात ना, आम्ही आलो असं म्हणा.

“आमी म्हटलं की तुमी सगळे बाहेर, व्हय ना?”

मी हो म्हणाले.

“मग इतके दिवस तेच तर चाललंय की.” ती थोडी थांबली. हे थांबणं मी शिकवलेलं नव्हतं, तिला दम लागला होता. “माज्या भाषेत एकच शब्द हाय. नावू. ऐकणारा आत का बाहेर, हे आमच्यात बोलायच्या आदी ठरवावं लागत न्हाय. तुमच्यात लागतं. मी इतकी वर्सं चुकते, तुमी हसता, मी बी हसते. आज तुमीच शिकवा. ही पोरगी आपल्या बसमधी बसते, आपल्याच कारखान्यात शिलाई करते. हिचं बोलताना आमी म्हणायचं का आपण? एकदा काय ते ठरवून सांगा, म्हंजे मी परत चुकणार न्हाय.”

मी वडिलांना सांगितलं असतं की आज अक्का चांगली बोलली, आणि त्यांनी का म्हणून विचारलं असतं. तिनं कुणाला रडवलं नाही, पटवलं नाही, लाजवलंही नाही. तिनं एक शंका विचारली होती आणि ती खरोखर विचारली होती. तिला खरंच उत्तर हवं होतं. व्याकरण शिकवायला एरवी मी पुढं असते, पण त्या दिवशी मी काय सांगणार होते?

मग मागून कुणीतरी हूं म्हणालं. पॅकिंगची पोरगी म्हणाली, मी उठेन लवकर. भाई म्हणाला, हौ, ठीक है, मेरा भी. एकेक करून सगळी बस हो म्हणत गेली. मी तर आधीपासूनच हो होते, तरी पुन्हा एकदा म्हणून घेतलं. फक्त मामा खिडकीबाहेर बघत राहिले. अक्काला चढलेला जोर अजून उतरला नव्हता. ती त्यांना सगळ्यांदेखत म्हणाली की मामा, तुमाला तुमच्या झोपेपलीकडं काय दिसत न्हाय.

मामांनी गेटपर्यंत मान वळवली नाही. बस थांबली, माणसं उतरायला लागली, तरी ते उठले नाहीत. अक्का दारापाशी पोहोचली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली.

“अक्का, तुझ्या त्या आपणमधी मी हाय का न्हाय?”

“हायसा की मामा.”

“मग एवढे दिवस बोललीस, पर मला इचारलंस का, की मामा, पाव तास कशाला लागतो? आमच्या तेलुगूत बी दोन शब्द हाईत. मला फरक कळतो.”

मग त्यांनी सांगितलं, खालच्या आवाजात, पण दारात थबकलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांच्या बायकोची एक बाजू दोन वर्षांपासून लुळी पडलेली होती. मुलगा पुण्याला. सून घरकाम करायला जाते ती पहाटेच बाहेर पडते आणि ती परतेपर्यंत शेजारीण येऊन बसते. सून गेल्यापासून शेजारीण येईपर्यंतच्या वेळात मामा बायकोला उठवतात, तोंड धुतात, वेणी घालतात आणि पाव चहात भिजवून भरवतात. तिला घाई केलेली चालत नाही, ठसका लागतो. तेवढं करून ते चौकात येऊन उभे राहतात. इतकी वर्षं एका बसमध्ये बसून आम्हांला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांना झोपेवरून चिडवणारे आम्ही सगळे, आणि मामा उलट आम्हांलाच हसवत होते.

अक्का बसच्या पायरीवर मटकन बसली. चुकलं मामा, एवढंच म्हणाली. भोंगा झाला आणि आम्ही आत पळालो. मला त्या क्षणी अक्काचा राग आला की उगाच बोलली, आणि मामांचा राग आला की आधी कुणाला सांगायला काय झालं होतं. वाईट वाटलं की मला राग येतो. घरातले आता ओळखतात, बसमधल्यांना अजून वाटतं मी तापट आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत करकंबवाली आमच्याकडं आली. डबा उघडलाच नव्हता. अक्कासमोर उभी राहून म्हणाली, “अक्का, ऱ्हाऊ द्या आता. मामीला उपाशी ठिवून मला न्हाय यायचं गाडीत. म्हैना भरला की मी जाते गावाला.” बोलताना तिचा आवाज साधा होता. कुणाला बोल लावायचा नव्हता तिला. मला ते जास्त लागलं. अक्कानं तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी तिच्या भाकरीवर वाढली.

तोंड भाईनं उघडलं. तो नळावर हात धूत होता. ओल्या हातानंच येऊन मामांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, बस शेळगीहून परत यार्डात येईल तेव्हा आपली रोजचीच वेळ झालेली असेल ना? मग मामांनी चौकात लवकर यायचं कशाला? हा मामांच्या मागच्याच गल्लीत राहतो, हे आम्हांला तेव्हा कळलं. घरी गाडी आहे, पेट्रोलसाठी काढत नाही. यार्डात त्याच्या मेव्हण्याचा कांद्याचा गाळा आहे, तिथं गाडी लावता येईल. रोजच्या वेळेला मामांना मागं बसवायचं आणि थेट यार्डात आणायचं.

“अपन दोनों आते मामू,” तो म्हणाला, “मामी का चाय होने दो आराम से.”

मामांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, म्हणजे तुझी झोप वाचली म्हण की. भाई हसला. ते खरंच होतं, यार्डात चढणार म्हणजे त्यालाही लवकर उठायची गरज नव्हती. आता लवकर उठायचं कुणी, तर अक्का, मी आणि आमच्यासारखे पाचसात जण. मला हे लक्षात आलं तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. मामा म्हणाले, मॅडम, तुमी तर सगळ्यांत आदी हो म्हटलं होतं.

साहेबांना वाटलं होतं प्रकरण आपोआप मिटेल. सगळी बस हो म्हणते आहे ऐकून त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि मग परवानगी दिली.

पहिल्या दिवशी मी घड्याळाला, अक्काला आणि भाषण या प्रकारालाच शिव्या घालत उठले. थंडी होती, चहाही नीट झाला नव्हता. बस यार्डावरून आत वळली, खड्ड्यांतून डुलत गेली आणि एका विजेच्या खांबाखाली थांबली. तिथं करकंबवाली उभी होती आणि शेजारी स्वेटर घातलेली तिची मुलगी, बस बघायला उठून आलेली. करकंबवाली चढली, तिनं दोन्ही हात जोडले आणि कुणाकडं न बघता जागेवर जाऊन बसली. मुलगी हात हलवत राहिली. आमच्यातल्या निम्म्यांनी झोपेतच तिला हात केले. रानातली कुत्री बाहेर पडली आणि जिवाच्या आकांतानं बसच्या मागं लागली. यार्डाच्या अलीकडं ती दमली आणि रस्त्यातच बसून राहिली. यार्डात मामा आणि भाई गाळ्यासमोर उभे होते, मामांच्या गळ्याशी मफलर, आणि भाई त्यांच्या खांद्याला टेकून उभ्याउभ्या झोपलेला.

महिनाअखेरीला साहेबांनी करकंबवालीला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आली ती थेट तपासणी खात्यात अक्काकडं गेली. नोकरी पक्की झाली होती. अक्का शिट्टी वाजवता येत नसताना शिट्टी वाजवायला गेली. दुसऱ्या दिवशी करकंबवालीनं सगळ्या बसला शेंगापोळी वाटली. मामांना दोन दिल्या, एक त्यांची आणि एक मामींची, तीही दुधात भिजवून खाता येईल अशी मऊ केलेली. मी तिला म्हणाले, आता खोली जरा जवळ बघ. ती म्हणाली, मुलीची शाळा तिथंच हाय मॅडम, बस येतीया की.

त्यानंतर ती बदलली. आधी मागच्या सीटवर कोपऱ्यात बसायची, ती आता पुढून तिसऱ्या रांगेत खिडकीला बसायला लागली. जागेवर पिशवी ठेवायला लागली. ड्रायव्हरला म्हणायला लागली की आज जरा उशीर झाला हो तुमाला. दिवाळीला सासू गावाला गेली ती हट्ट धरून परत आली. नवऱ्याचा ट्रक एकदा चिंचोळीवरून जाणार होता, तेव्हा ती बसमधून त्याला फोन करून कारखाना कुठला ते मोठ्यानं सांगत होती. ऐकायला मला बरं वाटत होतं, आणि मी खिडकीकडं तोंड करून ते ऐकायचे.

मध्यंतरी बॉयलरवर एक नवा माणूस लागला. बाळ्याचा. अपघातात पाय गेल्यासारखा झालेला, काठी घेऊन चालणारा. बस बाळ्यात हायवेवरच थांबते, तिथून त्याच्या घरापर्यंत वाट लांब आहे. परवाच ड्रायव्हरनं पुणे नाका सुटल्यावर साहेबांचा निरोप सांगितला. बस बाळ्यात हायवे सोडून गावात आत नेली तर चालेल का, परतताना आणि जाताना दोन्ही वेळेला थोडा उशीर होईल, सगळ्यांनी मिळून काय ते सांगा. तो माणूस पुढच्याच सीटवर बसला होता, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरून, खाली बघत.

ड्रायव्हरनं आरशातून सगळ्यांकडं पाहिलं. मग तिसऱ्या रांगेतून, खिडकीजवळून आवाज आला.

“आमाला उशीर व्हईल की.”

सगळी बस वळून करकंबवालीकडं बघायला लागली. ती घाबरून आजूबाजूला बघत राहिली, की आपण असं काय बोललो. मागून फिटरमामा म्हणाले, “झालं. ही आता खरी पक्की झाली.”

बसमध्ये हशा फुटला. भाई सीटवर हात आपटत होता, ड्रायव्हरची मान आरशात हलत होती, मीही हसले. करकंबवालीला सगळ्यांच्या शेवटी कळलं. तिनं पदर तोंडाला लावला, हसली, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले. पुढच्या सीटवरचा माणूस काठी घट्ट धरून तसाच बसला होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि सगळे आपल्यालाच हसतात असं त्याला वाटलं असावं.

एक अक्काच हसली नव्हती. दोन दिवसांपासून तिचा घसा बसलेला होता. तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला, वरची दांडी धरली आणि ती उभी राहिली.